हिरवे पडलेले रुजवण

कोकणातून परतलेल्या माणसाला पुण्यात दोनच प्रश्न विचारतात : बोट लागली का, आणि आंबे आणलेस का. मी आश्विनात गेलो होतो, तेव्हा आंब्यांचा प्रश्नच नव्हता. बोट लागली, मुंबईपासून आडवा पडून होतो, एवढे सांगून तो भाग संपवतो. ज्यांना समुद्राची शोभा वाचायची असेल त्यांनी दुसरे काही उघडावे. मी तिकडे पत्रके वाटायला गेलो होतो, आणि त्या पत्रकांतले शास्त्र एका गावाला पूर्ण पटवून परत आलो. त्याचे काय झाले ते लिहितो.

रत्नागिरी, बंदरावर

आमचे मंडळ म्हणजे आठ-दहा तरुण. दोन वर्षे आम्ही मिठाची आणि ताडीच्या दुकानांची पत्रके छापली, वाटली. त्यापायी काहीजण आत जाऊन आले. चळवळ थंडावली तेव्हा हाताशी छापखान्याची ओळख आणि डोक्यात राग एवढेच उरले. मग ठरले की अंगात येणाऱ्या देवीचे राज्य इंग्रजांहून जुने आहे, आता त्याच्याशी भांडू. पहिले पत्रक मी लिहिले : ‘पान काय खाते?’

त्यात सांगितले होते ते थोडक्यात असे. झाड माती खाऊन वाढते ही समजूत खोटी आहे. मुळे पाणी आणि क्षार आणून देतात. जेवण शिजते ते पानात. हवेतला कर्बवायू आणि मुळांनी चढवलेले पाणी यांचे पिष्ट करायला जोर लागतो, आणि तो जोर सूर्याच्या उजेडाचा. उजेड धरून ठेवायचे काम पानातले हिरवे द्रव्य करते. ते द्रव्य नसेल तर भर उन्हातसुद्धा पान उपाशी. आणि उजेडच नसेल तर रोपाला ते द्रव्य तयार करता येत नाही, रोप पिवळेच राहते. शेवटी मोठ्या टायपात ओळ होती : ‘पान देवीच्या कृपेने हिरवे होत नाही, उजेडाने होते.’ ही ओळ मला फार आवडत होती.

रत्नागिरीस बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि माणसांना पडाव नावाच्या होडीत उतरवतात. उतरवतात म्हणजे लाट वर आली की टाकतात. मी नीट पडलो, पत्रकांचा गठ्ठा मात्र पाण्यात पडला. खलाशाने तो बाहेर काढला, पण निम्मी पत्रके भिजली. वाळूवर मासळी सुकत घालणारी एक बाई होती, तिने न विचारता गठ्ठा सोडला आणि माझे शास्त्र ओळीने बांगड्यांच्या शेजारी मांडले.

“सुकतील,” ती म्हणाली. “पन वास जायाचा नाय हां.”

“वास असू दे.”

“असू दे तर असू दे. माणसांनी नाय वाचलान तर मांजरं वाचतील.”

पुढचे आठ दिवस माझ्या पत्रकांना सुक्या मासळीचा वास येत होता. लोक ते हातात घेऊन आधी हुंगत आणि मग वाचत. निम्मे हुंगूनच परत देत.

दसरा

खानावळीत मी नेम म्हणून जे वाढतील ते खातो. बांगड्याचा काटा घशात अडकला. मालकाने कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि म्हणाला, “देशावरची माणसं मासा खात नाहीत, माशावर रागावतात.” काटा गेला. डोळे पुसून बाहेर पाहतो तो रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या हमालांच्या टोपीत पिवळ्याधमक अंकुरांची जुडी.

मालकाने सांगितले ते असे. नवरात्रात परडीत माती घालून भात, नाचणी, वरी असे धान्य पेरतात, त्याला इकडे रुजवण म्हणतात. ती परडी देवघरात, अंधारात, वर टोपली झाकून नऊ दिवस ठेवतात. दसऱ्याला झाकण काढले की सोन्यासारखे पिवळे अंकुर दिसले पाहिजेत. मग ते देवीला वाहायचे आणि टोपीत खोवायचे. खेड्यांतून तर त्यावर वर्षाचा शकुन बघतात.

“आणि हिरवे निघाले तर?”

“हिरवं निघत नाही. निघालं तर देवी रुसली. पाणी घालणारीचं काहीतरी बिघडलं.”

आमच्याकडे घट उघडा देवापुढे बसतो. त्यातले धान हिरवेगार आले की माझी आई शेजारणींना बोलावून दाखवते आणि त्यावर हळदकुंकू वाहते. घाटाच्या वर जे हिरवे म्हणजे भरभराट, ते घाटाच्या खाली विटाळ. दोन्हीकडे देवी एकच आणि दोन्हीकडे कुणालाच ठाऊक नाही की फरक फक्त झाकणाचा आहे. मला इतका आनंद झाला की मी बिछाना आवरून दुसऱ्या सकाळची मोटार ठरवली.

एकादशी, पाली

मिरजोळे मागे पडले की रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाचे पठार. पावसात त्यावर गवत येते आणि आश्विनात ते पिवळे पडून वाऱ्याने एका अंगावर झोपते. हातखंब्याला मोटार तिठ्यावर थांबली, इंजिनाला पाणी पाजले, आणि दुपारच्या आत पालीच्या बाजारात उतरलो.

चहाच्या दुकानासमोर मी प्रयोगाच्या सामानाची पेटी उघडली. आदल्या दिवशी खानावळीच्या परसातल्या जास्वंदीच्या एका पानावर सकाळीच काळ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. दुपारी ते खुडून, उकळत्या पाण्यातून काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकले होते. पानाचा सगळा हिरवेपणा स्पिरिटात उतरून पान पांढरे पडले होते.

“मायला, हिरवी दारू,” गर्दीतून एकजण म्हणाला. “आनि कालपरवापर्यंत हेच लोक ताडीच्या दुकानापुढं आडवे पडत व्हते.”

हा बोलणारा शेजारच्या गावचा गुरव होता. देवीच्या पूजेचा मान त्याचा. पन्नाशीचा, एक डोळा बारीक करून बघायची सवय.

मी पान बशीत ठेवून वर आयोडीन ओतले. पान निळेकाळे झाले. मधली पट्टीची जागा पांढरी राहिली. मी सांगितले : निळे झाले तिथे पिष्ट आहे, म्हणजे जेवण आहे, पट्टीखाली उजेड गेला नाही, म्हणून तिथे पान उपाशी. उजेडात सात रंग असतात. पान तांबडा आणि निळा आपल्याकडे ठेवते, त्यावर जेवण शिजवते. हिरवा त्याच्या फारसा कामाचा नाही, तो परत करते, म्हणून ते आपल्याला हिरवे दिसते.

“म्हंजे जो रंग परत करतो तोच आपल्याला दिसतो?” गुरवाने विचारले.

“बरोबर.”

“आनि पांढरा?”

“पांढरी वस्तू सगळेच परत करते. काही ठेवून घेत नाही.”

गुरवाने चहावाल्याकडे पाहिले. “आमचा खोत बाराही महिने पांढऱ्या धोतरात असतो. त्याला सांगायला हवा.”

खोत कुळाकडून निम्मे भात नेतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. मग गुरव सहज म्हणाला, “आमच्या गावी बगा, गावकाराच्या घरातला रुजवण हिरवा पडलाय यंदा. निम्मी परडी हिरवी. सुनेवर आळ आलाय.”

मी पेटी बंद केली आणि म्हणालो, मी येतो.

त्याचा चेहरा उतरला. “कशाला? पुनवेला कौल लावायचा हाय. मिटंल ता.”

मी ऐकले नाही. गावाचे नाव मी इथे देत नाही.

द्वादशी, गावात

पालीहून दोन कोस चाल. लवकर येणारी हळवी भाते कापून झाली होती, उशिराची गरवी उभी होती. गावात मुक्काम शाळामास्तरांकडे. मास्तर राजापूरकडचे, सडेफटिंग, अबोल. त्यांनी कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी वाढली आणि हकीकत सांगितली.

रावजी गावकर हे गावातले पहिले मानकरी. त्यांच्या देवघरातले रुजवण हे सगळ्या गावाचे मानतात. मुलगा धोंडू मुंबईत गिरणीत; वर्षातून एकदा शिमग्याला येतो. त्याची बायको यशोदा, वीस वर्षांची. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, त्यावरून घरात धुसफूस होतीच. नवरात्रात ओलेत्याने सकाळ-संध्याकाळ देवघरात जाऊन परडीला पाणी घालायचे काम तिचे. दसऱ्याला झाकण काढले तर निम्मे हिरवे. सासूने तिथेच कपाळ बडवून घेतले. तेव्हापासून यशोदेला चुलीला हात लावू देत नव्हते. पौर्णिमेला गाव बसून ठरवणार होते : ठेवायची, की माहेरी धाडून धोंडूचे दुसरे लग्न करायचे.

“मग मी वेळेवर आलो,” मी म्हणालो.

मास्तरांनी भाकरी मोडली. “कौल कसा लावतात माहीत आहे? देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली की होकार. पाकळी किती ओली करायची ते गुरवाच्या हातात. यशोदा त्याच्या बायकोच्या माहेरची आहे. उजवी पडेल. एक नारळ, एक कोंबडा, देवीची क्षमा, आणि मुलगी सोमवारपासून चुलीपाशी. रावजींनाही हे ठाऊक आहे. गावालाही, बहुतेक.”

“म्हणजे एक खोटे दुसऱ्या खोट्याने झाकायचे.”

“म्हणजे नांदणारी मुलगी नांदवायची.”

मी त्यांना तोंडावर भित्रे म्हणालो. शिकलेल्या माणसांनी असे हात बांधून बसावे म्हणूनच हा देश कौलावर चालतो, असेही म्हणालो. त्यांनी माझ्या ताटात आणखी पिठले वाढले.

त्रयोदशी

रावजी गावकर उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी मला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घोंगडीवर बसवले, सगळे ऐकून घेतले, आणि परडी बाहेर आणून दाखवली. अंकुर देवीला वाहून झाले तरी मुळांची परडी पौर्णिमेपर्यंत ठेवायची रीत आहे. परडीची एक बाजू हिरवी, दुसरी पिवळी; वरून काढलेल्या टोपलीची वीणही हिरव्या बाजूलाच विरलेली. आणि उरलेले सगळे अंकुर एका अंगाला झुकलेले.

“पाहा,” मी म्हणालो. “रोप उजेडाकडे वळते. ही परडी कशी ठेवली होती? ही बाजू कुठे होती?”

“खिडकीकडं.”

“झाले तर.”

मी पैज मांडली. गुरवाच्या घरची परडी सोनपिवळी होती. ती मागवून मधोमध कापायची. निम्मी अंधारात टोपलीखाली, निम्मी खळ्यात उन्हात. दोन्हींना पाणी एकाच हाताने.

“पानी कोन घालील?” रावजींनी विचारले.

“तुमच्या घरात जी सर्वांत सोवळी असेल ती.”

त्यांची बायको पदर खोचून पुढे आली. “मी घालीन. बगू दे काय व्हतंय.”

दुपारी मी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, हात धुवायला गेलो तेव्हा यशोदा भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊ, ता करू नका.”

“का? तुझी काही चूक नाही, हेच तर दाखवतोय.”

“पुनवेला कौल हाय ना. तोच असू दे.”

मी तिला पुष्कळ समजावले. प्रकाश, पिष्ट, हिरवे द्रव्य, सगळे. ती ऐकत होती की नाही कळले नाही. अज्ञान माणसाला आपल्याच सुटकेविरुद्ध कसे उभे करते, यावर मी त्या संध्याकाळी वहीत अर्धे पान लिहिले. ते पान मी नंतर फाडले.

कोजागरी

गाव दुपारीच देवळाच्या मंडपात बसले. पुरुष आत, बायका खांबांच्या बाहेर. परडीचे दोन्ही भाग मी माझ्या हाताने मधोमध आणून ठेवले. टोपली उचलली : पिवळे, जसेच्या तसे. उन्हातली परडी हिरवीगार.

लोक पुढे सरकून वाकून बघू लागले. मग एक म्हातारा म्हणाला, “व्हय की.”

“पानी मी घातलान,” रावजींची बायको बाहेरून म्हणाली. “मी काय बाटलेली हाय?”

लोक हसले. तीसुद्धा हसली. मी उभा राहून बोललो, आणि खरे सांगतो, आयुष्यात इतका चांगला कधी बोललो नव्हतो. शब्द सोपे, लोक कान देऊन. माझे संपल्यावर गुरव पुढे सरकला. त्याच्या तबकात पाकळ्या होत्या. त्याने ते तबक खाली ठेवले आणि मोठ्याने म्हणाला, “म्हंजे झाला ता इतकाच. छपराच्या कौलाला फट आसंल, त्यातनं जरा उजेड पडला आसंल. पोरीचा काय दोस नाय. मिटला.”

त्याने बारीक डोळ्याने माझ्याकडे पाहिले. मी होय म्हणालो असतो तर ते तिथे मिटले असते.

मी म्हणालो, “नाही, फटीने हे होत नाही. फटीतून सुतासारखा उजेड येतो. निम्मी परडी हिरवी व्हायला पुरता उजेड लागतो, आणि तोही बरेच दिवस.”

“नंदादीपानं व्हतंय?” गुरवाने परत विचारले. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“नंदादीपाने तर मुळीच नाही. सूर्याचा उजेड लागतो. उघडा.”

हे मी एखाद्या शंकेखोराला गप्प करावे तसे बोललो. शास्त्र अर्धवट पटून उपयोग नाही, असे मला वाटत होते.

रावजींनी हिरवी परडी स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, “भाऊ, एक इचारतो. आमच्या देवघराच्या खिडकीला लाकडी झडप हाय. आतनं आगळ. घटाच्या आदी मी सोता लावलेली. तुमी सांगताव तर ती उगडल्याबगर हा हिरवा झालेला नाय.”

माझे बोलण्यासारखे सगळे आधीच बोलून झाले होते.

“नऊ दिस आत एकच मानूस जात व्हता.” त्यांनी मान वळवली नाही. “यशोदे, आगळ कोन काडलीन?”

ती खांबाबाहेर उभी होती. “मी.”

“किती दिस?”

“पाच. सा आसतील.”

“कशाला?”

तिने पदर पुढे ओढला. कुणीतरी मागून म्हणाले की त्या खिडकीतून समोर खोताच्या बागेतल्या राखणदाराचा मांगर, त्याची झोपडी, दिसते. राखणा परगावचा, तरणा. ते वाक्य मंडपात पडले आणि तिथेच राहिले. त्यावर कुणी पुरावा मागितला नाही. आत्ता पाव तासापूर्वी याच लोकांनी माझ्याकडे एकेका अंकुराचा पुरावा मागितला होता.

“पोरी, सांग की,” गुरव म्हणाला. “जीव घुसमटला आसंल, सांग.”

तिने तोंड उघडले नाही.

गुरवाने तबक पुन्हा उचलले, तेव्हा रावजींनी हात आडवा धरला. “कौल नको. कौल देवीला इचारायचा असतो. देवीचा यात काय संबंद नाय. पुणेकरानं दाखवलानच ना.”

गाव उठले. मला दोघा-तिघांनी रामराम केला, एकाने तर शाबास म्हटले. पत्रके सगळी संपली.

पुन्हा पाली

कोल्हापूरची मोटार धरायला मी दुसऱ्या दिवशी पालीस आलो. यशोदा आणि तिला न्यायला आलेला भाऊ वडाखाली टेकले होते. त्यांचे गाव घाटाच्या पायथ्याला, चालत अर्ध्या दिवसाचे. तिच्याजवळ एक बोचके होते. भावाने मला पाहून तोंड फिरवले. तिनेच हाक मारली.

मी विचारले, खिडकी का उघडलीस.

नवऱ्याचे पत्र आले होते. एरवी टपालवाला ते मास्तरांकडे देई. मास्तर खळ्यात बसून सगळ्या घराला वाचून दाखवत. घटाच्या दुसऱ्या दिवशी मास्तर नव्हते आणि ते पाकीट टपालवाल्याने तिच्या हातात दिले. ती माहेरी दुसरीपर्यंत शिकलेली. एकटी बसायला मिळणारी जागा घरात एकच, आणि तिथे अंधार.

“रोज एक-एक ओळ लावीत व्हत्ये,” ती म्हणाली. “अक्षर कोन दुसऱ्याचा. लागत नव्हता.”

“काय लिहिले होते?”

“पाऊस लय हाय. खोली गळत्ये. पाय दुखत व्हता तो बरा हाय. आयेला दंडवत.”

“आणि तुला?”

“‘घरच्या मंडळींस’ आसा हाय खाली.”

“हे तू मंडपात का सांगितले नाहीस?”

“देवाच्या खोलीत बसून घोवाचा कागद वाचला, आसा सासऱ्याम्होरं सांगू? आनि कागद कुठाय म्हनून इचारलानी तर सगल्यांसमोर वाचतील.”

मी म्हणालो, मी परत जातो, मी सांगतो. भाऊ पहिल्यांदाच बोलला. “तुमी आता फुरं करा, भाऊ. लय सांगितलाव.”

मी मोटारीची वाट बघत त्यांच्याजवळच टेकलो. तिने विचारले, “पन ता खरा व्हता ना? उजेडानंच हिरवा झाला ना?”

“खरे होते.”

“दुसरा कायच नाय?”

“काहीच नाही.”

ती परातीएवढ्या बोचक्याची गाठ सारखी करत होती. “मना वाटत व्हता माज्याच हातात कायतरी हाय. पोर नाय व्हत, म्हनून. पऱ्यावर तुमाला नको म्हटला ता त्याच्यासाटी. म्हटलं उन्हातली परडी पिवळीच ऱ्हायली, तर?”

हे वाक्य मंडळात सांगितले तर लोक टाळ्या वाजवतील, हे मला तिथेच कळले. म्हणून मी ते कुणाला सांगितले नव्हते. इथे लिहितो आहे ते टाळ्यांसाठी नाही. तिच्या मनातली एक भीती गेली, त्याच्या बदल्यात घर गेले. हा सौदा मी तिला विचारून केला नव्हता.

पुणे

मंडळाने अहवाल मागितला. मी लिहिले : प्रयोग यशस्वी, पत्रके संपली. दोन्ही खरे.

मग एकदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना मी ही परडीची गोष्ट सांगितली, माणसे गाळून. ते म्हणाले, “फटीने होत नाही हे तुम्हांला कुणी सांगितले? पिष्ट तयार करायला भरपूर उजेड लागतो. पण पिवळ्या अंकुराला नुसते हिरवे व्हायला फार थोडा पुरतो. झडपेच्या फटीतून खोलीत उजेड पसरला, तर तेवढ्यानेही खिडकीकडची बाजू हिरवी होऊ शकेल.”

मी दोन वेगळ्या गोष्टी एक समजलो होतो. ज्या एका वाक्याबद्दल मला सगळ्यांत जास्त खात्री होती, तेच चूक होते. गुरवाने पूजेच्या अनुभवाने असो की नुसत्या दयेने, मला बरोबर उत्तर दोनदा हातात दिले होते आणि मी दोन्ही वेळा ते शास्त्राच्या नावाने फेकले. खिडकी तिने उघडली होती हे खरे. पण ते सिद्ध झाले नव्हते. गावाने ज्या पुराव्यावर तिला घालवले तो पुरावा नव्हता, माझा तोरा होता. शकुन पाहणाऱ्यांना मी आजही शिव्याच देतो. फक्त आता त्या यादीत माझे नाव आधी घेतो.

मी मास्तरांना लिहिले, पुस्तकातला उतारा नकलून धाडला, रावजींना वाचून दाखवा म्हणून विनवले. उत्तर वर्षाने आले. पोस्टकार्ड होते.

उतारा वाचून दाखवला. रावजींनी नीट ऐकून घेतला. पण शिमग्याला धोंडूचे दुसरे लग्न झाले होते. यशोदा भावाकडे आहे. भावजय तिला कामाला लावते, जेवायला घालते. एवढे लिहून खाली शेवटच्या दोन ओळी होत्या. देवघराची खिडकी गावकरांनी उन्हाळ्यातच चिरे लावून कायमची बुजवली, गाऱ्याने फटीसुद्धा भरल्या. यंदा नव्या सुनेने पाणी घातले आणि रुजवण अगदी सोनपिवळे आले.